आधी रक्त तपासा, मग गोळी

पुण्यातल्या वसंत व्याख्यानमालेच्या फलकावर त्या संध्याकाळचा विषय होता ‘उतारवय आणि स्मरणशक्ती’. मेंदूविकारतज्ज्ञ असलेल्या वक्त्यांनी नमस्कार केला आणि पत्र्याचा एक डबा टेबलावर ठेवला. त्यातून निघाल्या मल्टिव्हिटॅमिनच्या दोन स्ट्रिपा, ई जीवनसत्त्वाच्या हिरव्या कॅप्सूल, बी-कॉम्प्लेक्स आणि ड जीवनसत्त्वाच्या पावडरीच्या पुड्या. “असा डबा कोणाकोणाच्या घरी आहे?” पुढच्या रांगांतले निम्मे हात वर गेले. “आमच्याकडे दोन आहेत, एक हिचा!” मागून आवाज आला आणि सभागृह हसलं.

जीवनसत्त्वं म्हणजे काय, हे शाळेत झालंय, असं म्हणून त्यांनी तो भाग एका वाक्यात उरकला. त्यांना सांगायचं होतं ते एवढंच: शरीरात कमतरता असेल तर गोळी हे औषध, नसेल तर बहुधा नुसता खर्च, आणि कधी कधी अपाय.

पुरावे दोन्ही बाजूंचे आहेत, हे त्यांनी लपवलं नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या ५,९४७ पुरुष डॉक्टरांनी वर्षानुवर्षं मल्टिव्हिटॅमिन किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी घेतली. २०१३ साली निष्कर्ष आला: स्मरणशक्तीत काही फरक नाही. त्याच देशातल्या कॉसमॉस चाचणीत मात्र २०२३ साली थोडा फायदा दिसला. ई जीवनसत्त्वाचं काय? मोठ्या मात्रेत रोज घेणाऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला, २०११ साली. हिरव्या कॅप्सूलकडे बोट दाखवत त्यांनी हे सांगितलं, तेव्हा कुणी हसलं नाही.

मग आली एका निवृत्त शिक्षकांची गोष्ट. दोन मिनिटांत संपेल असं वाटलं होतं, तिने पंधरा मिनिटं घेतली. त्यांना ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी दिलेली होती, आठवड्यातून एक. ते रोज सकाळी दुधातून एक घेत राहिले. तिसऱ्या महिन्यात तहान भागेना, पोट साफ होईना, आणि एके दिवशी नातवाला त्यांनी धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली. घरच्यांनी ‘अल्झायमर’ असं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. रक्तातलं कॅल्शियम निघालं १४; ते साडेदहाच्या आत हवं. पुड्या बंद झाल्या, सलाइन लागलं, आणि काही आठवड्यांत गुरुजी पुन्हा पेपरातलं शब्दकोडं सोडवू लागले. “हा विसराळूपणा पुडीतून आला होता,” हे वक्त्यांनी दोनदा सांगितलं.

“पण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वरण-भातावर वाढलो, तेव्हा कोण तपासण्या करत होतं?” एक आजोबा उठून उभे राहिले, आवाज जरा चढलेला. वक्त्यांनी त्यांना शांतपणे ऐकून घेतलं. मग पुण्याचाच दाखला दिला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे शहर, झोपडपट्टी आणि खेड्यांतले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते. २००६ साली छापून आलं: ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी, शहरी मध्यमवर्गात तर ८१. वरण-भातात बी-१२ नसतं. शाकाहाऱ्याला ते मिळतं दुधातून, दह्यातून, तेही बेताचंच. या कमतरतेने विसर पडतो, पायांना मुंग्या येतात, तोल जातो. वेळेवर इंजेक्शन किंवा गोळी मिळाली तर बरंच भरून येतं. फार उशीर झाला तर नसांची इजा राहून जाते. नुसत्या फॉलिक ॲसिडने या कमतरतेचा ॲनिमिया झाकला जातो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

ऑक्सफर्डच्या २०१० सालच्या चाचणीवर वक्त्या येतात तोच वेळ संपल्याची कार्यवाहांची चिठ्ठी आली. उभ्या उभ्याच त्यांनी सांगून टाकलं: सत्तरीपुढच्या, सौम्य विसराळूपणा असलेल्यांना बी गटातली जीवनसत्त्वं दिल्यावर मेंदू आकसण्याचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी मंदावला. फायदा मुख्यतः रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य जास्त असलेल्यांना झाला. म्हणजे इथेही आधी मोजावंच लागतं.

डबा बंद करता करता त्या शेवटचं बोलल्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणारे, ॲसिडिटीची गोळी रोज घेणारे आणि साठी ओलांडलेले शाकाहारी, या सगळ्यांनी बी-१२ एकदा तपासून घ्यावं, आणि डॉक्टरांकडे रिपोर्ट दाखवायला जाताना घरातला डबाही सोबत न्यावा.