मूल शेजारचे आहे, हे विसरू नका



ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाला हे व्यासपीठ एकदाच मिळते. म्हणून अलीकडच्या ख्रिस्ती मराठी कवितेचा आढावा घेण्यात मी ते खर्च करणार नाही. नागपुरात मोहननगरपासून गड्डीगोदामपर्यंत ज्या वादापायी आपल्या मंडळ्यांतली माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली, त्याच वादावर मी बोलणार आहे. शेजारच्या, ख्रिस्ती नसलेल्या घरातल्या मुलांना येशूविषयी सांगावे का, आणि सांगावे तर कसे? माझे उत्तर आधीच देऊन टाकतो. सांगावे, अवश्य सांगावे. पण आईबापांना कळवून, त्यांच्या होकाराने, मुलाच्या हातावर काही न ठेवता आणि चांगल्या मराठीत. माझ्या निवडीपूर्वी ज्यांनी मला सुवार्तेचा शत्रू ठरवणारी पत्रके वाटली, त्यांनी आज शेवटपर्यंत बसून ऐकावे. रविवारच्या शाळेत वर्षानुवर्षे बिनपगारी शिकवणाऱ्या भगिनींनी मात्र यातला एकही शब्द स्वतःला लावून घेऊ नये. माझे भांडण त्यांच्याशी नाही. ही रीत आणि हे साहित्य ज्यांनी त्यांच्या हाती दिले, त्यांच्याशी आहे.

माझ्या विरोधकांचा मोठा आधार म्हणजे मार्ककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय. मुलांना अडवू नका, अशी प्रभूची आज्ञा असताना परवानगी मागणारे तुम्ही कोण, असे ते विचारतात. त्यांनी तो प्रसंग पुन्हा वाचावा. त्या मुलांना प्रभूकडे कुणीतरी घेऊन आले होते. ती वाटेवर एकटी गाठली गेली नव्हती, आणि प्रभू रागावला तो आणणाऱ्यांना दटावणाऱ्या शिष्यांवर. पाचव्या अध्यायात याईराची मुलगी आहे. प्रभूने रडणाऱ्या गर्दीला घराबाहेर काढले, पण मुलीच्या आईला आणि बापाला आत नेले. त्यांच्या डोळ्यांदेखत तिला उठवले. सातव्या अध्यायात मुलीसाठी आई येते, नवव्यात मुलासाठी बाप येतो, योहानाच्या चौथ्या अध्यायात कफर्णहूमच्या अंमलदाराचा मुलगा आजारी असतो तेव्हाही बापच येतो. शुभवर्तमानांत पालकाचा उल्लेख नसलेला एक मुलगा ठळकपणे आठवतो, तो पाच भाकरी आणि दोन मासळ्यांचा. पण तिथे देणारा तो मुलगा होता. त्याला काही देऊन कुणी बोलावले नव्हते. आपल्या उन्हाळी शिबिरांत मात्र पहिल्या दिवशी रंगपेटी आणि शेवटच्या दिवशी डबा वाटला जातो, आणि मधल्या दिवसांत मुलाने हात वर करून प्रभूला स्वीकारले की त्याची नोंद वहीत होते. आठ वर्षांच्या मुलाचा हात वर गेला तो कशासाठी, हे त्या वहीत कुठे लिहिलेले असते?

हा प्रश्न मराठी मुलखाला नवा नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा होता आणि मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. बाप न्यायालयात गेला आणि न्यायालयाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. पुढे त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर सनातन्यांशी झगडले, हे आपण शाळेत शिकतो. आपल्या इतिहासांत मात्र ही हकिगत न्यायालयाकडून झालेला अन्याय म्हणून सांगितली जाते. माझे मत स्पष्ट आहे: बाप बरोबर होता. नारायणरावांची श्रद्धा सच्ची होती. पुढे जालन्याजवळ त्यांनी उभे केलेले बेथेल गाव त्याची साक्ष आहे. पण मोठ्या भावाची श्रद्धा खरी आहे म्हणून धाकट्यावरचा बापाचा हक्क संपत नाही. त्याआधी १८३९ मध्ये पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्यानंतर मिशनरी जॉन विल्सन यांची शाळा जवळजवळ ओस पडली होती. एका घराचा विश्वास उडाला की सगळी आळी दार लावून घेते, हे मिशनरी तेव्हाच शिकले होते. आपण ते विसरलो.

आता आपल्या देशाच्या घटनेकडे आणि मग आपल्या गावाकडे वळतो. १ मे १९४७ रोजी घटना समितीत कन्हैयालाल मुन्शी यांनी अठरा वर्षांखालील मुलांचे धर्मांतर कायद्याने अमान्य करावे, अशी दुरुस्ती मांडली. जबलपूरचे फ्रँक अँथनी यांनी तिला विरोध केला. डॉ. आंबेडकरांनी अडचण नेमकी दाखवली: आईबापांनी धर्म बदलला तर त्यांच्या मुलांचे काय, आणि अनाथांचे काय? ते कलम सल्लागार समितीकडे परत गेले आणि अखेर राज्यघटनेत आले नाही. आले ते कलम २८, पोटकलम ३. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला लावायचे असेल तर पालकाची संमती हवी. ही तरतूद आपल्यावर लादलेली बेडी आहे, असे बोलण्याची आपल्यात सवय आहे. मला ती याईराच्या घरातली रीत वाटते. १९५६ साली याच नागपुरात न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या मिशनरी-चौकशी समितीचा अहवाल छापला गेला आणि आपल्या शाळा, दवाखाने, अनाथालये संशयाच्या पिंजऱ्यात उभी राहिली. त्या अहवालाला आपण इतकी वर्षे उत्तरे देत आलो. त्यातले बरेच आरोप एकतर्फी होते, हे मीही म्हणतो. पण कुणाच्या मुलाला त्याच्या आईच्या नकळत आम्ही कधी प्रार्थनेला बसवले नाही, हे एक वाक्य ताठ मानेने म्हणता आले असते तर अर्धी लढाई तिथेच संपली असती. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी धर्म बदलला. आईबाप मुलांना कडेवर घेऊन आले होते. सगळे घर एकत्र, दिवसाढवळ्या, साऱ्या शहरासमोर! बाबासाहेबांनी १९४७ साली विचारलेल्या पहिल्या प्रश्नाला नागपूरकर माणसांनी दिलेले ते उत्तर होते.

यावर पहिला आक्षेप येतो की इतर लोक मुलांवर संस्कार करतातच. मैदानावर संघाची शाखा भरते, देवळात बालसंस्कार वर्ग चालतो, मग बंधन आपल्यालाच का? कारण ते मूल संध्याकाळी कुठे गेले आहे हे त्याच्या आईला माहीत असते. शाखेचा विचार मला मान्य नसेल, पण ती उघड्यावर भरते. आपले वर्ग तितके उघडे आहेत का, एवढाच माझा प्रश्न आहे. दुसरा आक्षेप म्हणजे विचारले तर सगळे आईबाप नाहीच म्हणतील. याचा पुरावा कुठे आहे? सदर भागातल्या आपल्या शाळांत प्रवेशासाठी सर्व धर्मांचे पालक रांग लावतात. फाटकावरचा क्रूस त्यांना दिसतो. तो पाहून, समजून ते मूल आत पाठवतात. उघडपणाला हे शहर घाबरत नाही. आणि कुणी नाही म्हणालेच, तर थांबायचे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. प्रत्यक्ष पती-पत्नीमध्ये पाच वर्षे गेली. आपल्याला मात्र शेजारच्या मुलाचे हृदय दहा दिवसांच्या शिबिरात जिंकायचे असते.

तिसरा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला मान देतो. मूल स्वतःच येते, आपल्या मुलांबरोबर खेळते, नाताळचा तारा पाहून विचारते, हा कशासाठी? त्याला सांगा. विचारणाऱ्या मुलाला गप्प करणे हेही पापच आहे. पण त्याच संध्याकाळी त्याच्या आईला सांगा की आज त्याने हे विचारले आणि मी असे सांगितले. आणि मूल उपाशी असेल तर आधी त्याला जेवू घाला, प्रार्थनेची अट न घालता. भुकेल्या मुलाकडून ‘आमेन’ वदवून घेण्यात सुवार्तेचा गौरव नाही.

आता माझ्या मनात सर्वांत जास्त सलणारी गोष्ट. आपण त्या मुलाच्या हाती काय देतो? बाहेरून आलेले, घाईने मराठी केलेले चकचकीत पुस्तक. मे महिन्याच्या नागपुरात घामाने भिजलेल्या मुलासमोर बर्फाच्या डोंगराचे चित्र आणि तालावर बसत नसलेले गाणे. हे त्या समाजाने करावे, ज्याच्याकडे ‘बालबोधमेवा’ होता? अमेरिकन मराठी मिशनचे ते मासिक नारायण वामन टिळकांनी आणि पुढे त्यांचे पुत्र देवदत्त टिळकांनी संपादित केले. मासिक घरात उघडे पडलेले असते. आई ते चाळते, आजोबा चष्मा लावून वाचतात. कुणापासून काही लपत नाही. फुलामुलांचे कवी म्हणून ज्या थोरल्या टिळकांना साऱ्या महाराष्ट्राने जवळ केले, ते ख्रिस्ती आहेत हे प्रत्येक मराठी घराला माहीत होते, तरीही त्यांच्या कविता पाठ्यपुस्तकांत गेल्या. ख्रिस्ताविषयी मराठी मुलाशी बोलण्याचा याहून मोठा, याहून सरळ मार्ग आपल्याला कधी सापडला नाही, आणि आपण तो मोडू दिला. आपल्याच गावातले उदाहरण घ्या: मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. शाळा चालवता चालवता त्यांनी गोंडांची गाणी आणि चालीरीती टिपून ठेवल्या. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नदीत बुडून त्यांचा अंत झाला आणि तीन वर्षांनी ते कागद छापले गेले. परदेशातून आलेल्या माणसाने आधी इथले गाणे ऐकले. आपण इथेच जन्मलो आणि आपल्या मुलांसाठी परक्या चाली मागवतो. सभागृहांना फरशा बसवायला आपल्याकडे पैसा आहे, ध्वनियंत्रणेला आहे, वर्धापनदिनाच्या जेवणावळींना आहे. मुलांच्या मराठी मासिकाचा विषय निघाला की कार्यकारिणीत खजिनदार मान हलवतात. कित्येक वर्षे हेच ऐकतो आहे. आपली सुवार्ता खोटी पडते ती विरोधकांमुळे नव्हे, या कंजूषपणामुळे!

म्हणून आजच्या दुपारच्या बैठकीसाठी मी दोन ठराव लिहून दिले आहेत. पहिला: ज्या शिबिरात किंवा वर्गात ख्रिस्तीतर घरची मुले येतील, तिथे शिकवायचा सगळा मजकूर मराठीत छापून आधी पालकांच्या हाती द्यावा, त्यांची सही घ्यावी, आणि मुलांना कोणतीही भेटवस्तू देऊ नये. दुसरा: सदर आणि परिसरातल्या सर्व मंडळ्यांनी मिळून मुलांसाठी एक मराठी मासिक काढावे आणि त्याच्या पहिल्या वर्षाचा खर्च या संमेलनाच्या शिलकीतून करावा. १९३३ साली नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी लक्ष्मीबाई टिळक होत्या. तो वारसा आपल्याच गावातला आहे; त्याला शोभेल असा निर्णय आज घ्या. ज्यांना हे ठराव नामंजूर असतील त्यांनी जेवणानंतर घरी न जाता थांबावे, उभे राहून विरोध करावा आणि आपले नाव इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. कार्यवाहांनी आता पहिला ठराव वाचून दाखवावा.