बातमी आणि भलामण



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आम्ही कामगार संघटनेत काम करणारी माणसे. महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून चढलो नाही. तरीही महाविद्यालयातील शिक्षणाचा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. वृत्तपत्रविद्या, माध्यमनिर्मिती आणि जनसंपर्क या तीन विद्या शिकून दरवर्षी हजारो मुले-मुली बाहेर पडतात आणि त्यांच्याशी आमची गाठ पडते. संप झाला की कारखान्याच्या फाटकाबाहेर कॅमेरा घेऊन उभा असतो तो त्यांतलाच. फाटकाच्या आत बसून मालकाचे निवेदन लिहितो तोही त्यांतलाच. कधीकधी दोघे एका बाकावर बसलेले असतात. मग प्रश्न पडतो, त्या बाकावर त्यांना नेमके काय शिकवले?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. बातमी देणे हे एक काम, भलामण करणे हे दुसरे. दोन्ही प्रामाणिकपणे करता येतात. परंतु दोहोंचा धनी वेगळा आहे. बातमीदाराचा धनी वाचक. जनसंपर्क अधिकाऱ्याचा धनी त्याला पगार देणारा. हा भेद पहिल्या दिवशी शिकवला नाही, तर पुढची तीन वर्षे फुकट गेली असे समजावे.

या शाळांचा जन्म अमेरिकेतला. मिसुरी विद्यापीठात पत्रकारितेचे विद्यालय निघाले ते १९०८ साली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले १९१२ साली सुरू झाले, ते जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून. पुलित्झर हे काही साधुपुरुष नव्हते. चटकदार बातम्या विकूनच त्यांनी पैसा केला होता. पण १९०४ साली या विद्यालयाची कल्पना मांडताना त्यांनी बजावले होते, की येथे वृत्तपत्राचा धंदा शिकवायचा नाही, वृत्तपत्राचे कर्तव्य शिकवायचे. धंद्याची जागा वृत्तपत्राच्या हिशेबखात्यात. संपादकाच्या खोलीत नव्हे.

जनसंपर्काचा वर्ग नंतर आला. एडवर्ड बर्नेज यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात १९२३ साली तो शिकवला. पण धंदा त्याआधीच उभा राहिला होता, आणि त्याची एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितली पाहिजे. आयव्ही ली हा मुळात वृत्तपत्राचा बातमीदार. १९०६ साली कोळसा खाणमालकांचे काम घेताना त्याने जाहीर केले, की आम्ही उघडपणे काम करू आणि अचूक माहितीच पुरवू. पुढे कोलोरॅडोतील खाणकामगारांनी १९१३ साली संप पुकारला. कंपनीच्या घरांतून बाहेर काढलेली कुटुंबे लडलो येथे तंबूंत राहात होती. २० एप्रिल १९१४ रोजी त्या वस्तीवर सशस्त्र शिपायांनी हल्ला केला, तंबू पेटले, आणि एका तंबूखालच्या खड्ड्यात आसऱ्याला गेलेल्या दोन स्त्रिया व अकरा मुले गुदमरून मेली. खाणकंपनी रॉकफेलर घराण्याच्या ताब्यातली. त्या घराण्याने आयव्ही लीला नेमले. त्याने मालकांच्या बाजूची पत्रके छापून देशभर वाटली. त्यांत संघटनेच्या पुढाऱ्यांचे पगार भलतेच फुगवून छापले होते. सरकारी चौकशी आयोगाने विचारले, हे आकडे तपासलेत काय? त्याने सांगितले, कंपनीने दिले तेच छापले. तपासण्याचा प्रयत्न केला नाही.

ध्यानात घ्या, हा मनुष्य अडाणी नव्हता. आकडा तपासावा कसा हे तो बातमीदारीत शिकला होता. धनी बदलला आणि तपासणे थांबले.

आता आपल्याकडे पाहू. मराठी वृत्तपत्राची सुरुवात बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'ने ६ जानेवारी १८३२ रोजी झाली. आम्हांला त्याइतकेच जवळचे वाटते ते 'दीनबंधु'. कृष्णराव भालेकरांनी ते १८७७ साली पुण्यात काढले आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईहून चालवायला घेतले. लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. मागण्या काय, तर आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार. रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी. तेव्हा अशी पदवी कोठेच मिळत नव्हती. पण आपण कोणाच्या बाजूने लिहितो हे त्यांनी लपवले नाही. पत्राच्या नावातच ते छापले होते.

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वृत्तविद्येचा विभाग १९६४ साली निघाला आणि दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ साली. चित्रपटाच्या शिक्षणाची संस्था तर पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० सालीच सुरू झाली होती. शिकणे वाईट असे आम्ही म्हणत नाही. उलट कॅमेरा आणि संकलन शिकलेला मुलगा आम्हांला हवा आहे, कारण क्रमाची ताकद त्याला ठाऊक असते. दगड आधी दाखवला आणि लाठी मागून, तर लाठी योग्य वाटते. लाठी आधी दाखवली तर दगड. दोन्ही चित्रे खरीच. खोटा असतो तो क्रम.

व्यवहारात काय घडते तेही सांगतो. दुपारी चारला कंपनीकडून नीट छापलेले निवेदन येते. मथळा तयार, छायाचित्र तयार, अधिकाऱ्याचे वाक्य तयार. आमचे पत्रक येते ते सहाला, फाटकावरची सभा संपल्यावर. वृत्तपत्राच्या कचेरीत एकच उपसंपादक तीन पाने लावीत असतो. तो दुष्ट नसतो, थकलेला असतो. जे तयार आहे ते तो लावतो. दुसऱ्या दिवशी छापून येते, 'संपामुळे नागरिकांचे हाल'. संप कशामुळे झाला, ते उद्यावर जाते आणि उद्या दुसरी बातमी असते.

याहून वाईट ते, जेथे भलामणच बातमीचा वेष घेते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी वृत्तपत्रांत शब्दाला शब्द तोच स्तुतिपर मजकूर, निरनिराळ्या बातमीदारांच्या नावांनी छापून आला, हे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. 'पेड न्यूज' हा शब्द घराघरांत गेला. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने याची चौकशी केली. पण परिषदेने २०१० साली तिचा संपूर्ण अहवाल बाहेर येऊ दिला नाही. तो लोकांपुढे आला २०११ मध्ये, माहिती आयोगाच्या आदेशानंतर.

कोणी म्हणेल, कामगार संघटनाही पत्रके काढतेच की! काढते, अवश्य काढते. आमचे पत्रक ही आमची भलामण आहे. म्हणून तर खाली संघटनेचे नाव छापतो. पूर आला, साथ आली तर नगरपालिकेलाही माहिती पोचवणारा कुशल माणूस लागतो. जनसंपर्क हे पाप नव्हे. नाव लपवणे हे पाप.

म्हणून ज्या आईबापांची मुले या विद्येकडे निघाली आहेत, त्यांनी प्रवेशाआधी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, येथे कंपनीचा ताळेबंद वाचायला, माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला आणि कामगार न्यायालयात बसायला शिकवतात की केवळ यंत्र चालवायला? दुसरा, बातमी आणि जनसंपर्क यांचे धडे वेगळे ठेवतात काय? एकच घटना दोन्ही बाजूंनी लिहायला लावून मग कोणता मजकूर कोणाच्या पैशाने लिहिला हे मुलांकडून ओळखून घेतात काय? तिसरा, पुढे पगार काय? श्रमिक पत्रकारांसाठी संसदेने १९५५ साली कायदा केला. २०२० च्या श्रमसंहितेने तो पोटात घेतला. वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली उचलून धरल्या, तरी कंत्राटावर राबणारी मुले ठिकठिकाणी आहेत. ज्याची नोकरी महिन्याच्या कराराने टांगली आहे, त्याने निर्भय प्रश्न विचारावा ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

शेवटी आपल्याविषयी. वृत्तपत्र आपल्याला जवळजवळ रद्दीच्या भावात हवे असते आणि फोनवर तर फुकटच. मग छपाईचा आणि पगाराचा पैसा जाहिरातदार देतो, आणि जो पैसा देतो त्याचे ऐकले जाते. महाविद्यालय मुलाला धनी ओळखायला शिकवील. पण वाचक हा धनी व्हायचा असेल, तर वाचकाने खिशात हात घातला पाहिजे. वर्गणी भरा, बातमी खोटी निघाली तर संपादकाला पत्र लिहा, खरी निघाली तरी लिहा. एवढे केलेत, तर आपल्या गावची शिकलेली मुले फाटकाच्या बाहेर उभी राहून प्रश्न विचारायला कचरणार नाहीत.