टक्के नेमके कशाचे?

सुप्याच्या उन्हाळ्यात मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या की पन्नास टक्के सावलीच्या शेडनेटवर तसलेच दुसरे नेट चढविण्याचा मोह होतो. पन्नास आणि पन्नास शंभर, म्हणजे ऊन बंद! तसे होत नाही. पहिले नेट निम्मे ऊन अडविते, दुसरे उरलेल्याचे निम्मे. सुमारे पंचवीस टक्के प्रकाश खाली येतोच. पण तेवढा रोपांना पुरत नाही. ती उंच, लुळी वाढतात. शिवाय सावली म्हणजे गारवा नव्हे. कोंडलेली हवा तापतेच. तेव्हा दुसरे नेट काढा, पहिले उंच बांधा, वारा खेळू द्या.

चाळीतल्या कांद्यातही हीच गफलत होते. समजा, १०० क्विंटलपैकी २० क्विंटल सडून, सुकून गेला आणि भाव १,००० वरून १,२०० रुपये झाला. वीस टक्के गेले, वीस टक्के आले, फिटंफाट! पण ८० क्विंटलचे होतात ९६,०००. काढणीलाच विकता तर लाख आले असते. नुसत्या बरोबरीला १,२५० रुपये भाव हवा. निवडण्याची मजुरी वेगळीच. चाळ भरण्याआधी हा आकडा वहीत मांडून ठेवा.