चोर आणि साव
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून आम्ही एका जुन्या इंग्रजी बोलपटाविषयी बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु जे उपदेशाने साधत नाही ते कधी कधी विनोदाने साधते, असा शिक्षकी पेशातील आमचा अनुभव आहे.

'ट्रबल इन पॅरडाइज' हा बोलपट हॉलिवूडच्या पॅरामाउंट कंपनीने १९३२ साली काढला. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच हे मूळचे बर्लिनचे. व्हेनिसच्या एका हॉटेलात गॅस्टन उमराव बनून आणि लिली सरदारीण बनून भोजनास बसतात. दोघेही भामटे! चोराच्या वाटा चोराला ठाऊक, या न्यायाने जेवता जेवताच एकमेकांचे बिंग फुटते. त्याने तिची पिन लांबवलेली, तिने त्याचे घड्याळ. घड्याळ परत करताना ती सांगते की, ते पाच मिनिटे मागे होते, आपण नीट लावून ठेवले आहे! सोंगे गळून पडतात आणि तेथेच प्रेम जुळते.

पुढे पॅरिसमध्ये मादाम कोले या श्रीमंत विधवेची चोरलेली पर्स तिलाच परत करून गॅस्टन वीस हजार फ्रँकांचे बक्षीस आणि चिटणिसाची जागा मिळवतो. डोळा तिजोरीवर असतो, परंतु मन मालकिणीत गुंतते. इकडे लिली मत्सराने जळू लागते. या तिघांची तारांबळ पाहताना हसू आवरत नाही.

मात्र एका प्रसंगी आमचे हसू मावळले. बाईच्या सुगंधी द्रव्यांच्या कंपनीचे अध्यक्ष जिरॉन हे घराण्याचे जुने स्नेही. तेच वर्षानुवर्षे पैसा गिळत आल्याचे गॅस्टन उघड करतो. बाई पोलिसांकडे जाण्यास कचरते. तेव्हा हा भामटा कडवटपणे सुनावतो : प्रतिष्ठितांच्या यादीत नाव असले की तुरुंग चुकतो, स्वकष्टाने वर आलेल्या चोरासाठी मात्र पोलीस!

अमेरिकेत चित्रपटांचे नीतिनियम १९३४ साली कडक झाले आणि पुढे या बोलपटास पुनःप्रदर्शनाची परवानगी मिळाली नाही. १९९१ साली मात्र जतन करण्यायोग्य चित्रपटांच्या तेथील राष्ट्रीय यादीत त्याचा समावेश झाला.

आता आमच्या मनातील शल्य सांगतो. नोकरीत असताना कंपासपेटी उचलणाऱ्या एका गरीब मुलास आम्ही साऱ्या वर्गादेखत उभे केले होते. त्याच वर्षी एका संस्थेचा हिशेब तपासताना खोट आढळली. गृहस्थ नामांकित घराण्यातले. आम्ही मुकाट्याने सही केली. तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. ते गृहस्थ मात्र पुढेही हारतुरे स्वीकारीत राहिले, आणि त्यातला एक हार आमच्याच हातचा होता.

बंधुभगिनींनो, आपल्याही मंडळाचा शिष्यवृत्ती-निधी आहे. त्याचा हिशेब वाचताना खालच्या सहीचे आडनाव न पाहता आधी आकडे पाहावेत, एवढीच आमची नम्र विनंती आहे.