एकाच तारेतून संदेश आणि वीज



गावातील वीज गेली तरी जुना दूरध्वनी बोलत असे, हे अनेकांना स्मरत असेल. त्यास लागणारी सुमारे ४८ व्होल्टची वीज दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांमधून, संभाषणाच्याच तारेने येत असे. संगणकाच्या इथरनेट केबलने हाच मार्ग पुन्हा धरला आहे. 'पॉवर ओव्हर इथरनेट' या पद्धतीचे पहिले मानक २००३ साली निश्चित झाले.

या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. जोडीतील दोन्ही तारांवर विजेचा दाब सारखाच ठेवतात. संदेश मात्र त्या दोहोंतील फरकावरून ओळखला जातो. म्हणून एकाचा दुसऱ्यास अडथळा होत नाही. वीज देणारा स्विच प्रथम अल्प दाबाने चाचपणी करतो. समोरच्या उपकरणात सुमारे २५ हजार ओहमचा ठराविक रोध आढळला, तरच तो पूर्ण दाब सोडतो. साधा संगणक चुकून जोडला गेला तरी त्यास इजा पोचत नाही.

कालव्यात सोडलेले सारे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही, हे नीरा डाव्या कालव्यावरील शेतकऱ्यास सांगावयास नको. विजेचेही तसेच आहे. पहिल्या मानकानुसार स्विचमधून १५.४ वॅट निघाले, तर १०० मीटरवरील उपकरणास १२.९५ वॅटचीच खात्री असते. पुढे २००९ साली ही मर्यादा स्विचपाशी ३० वॅट, तर २०१८ साली ९० वॅटपर्यंत गेली.

ग्रामपंचायतीस याचा उपयोग काय? भारतनेटचा तंतू काचेचा आहे; त्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. वीज खंडित झाली की जोडणी मुकी होते आणि शेतातील काम टाकून दाखल्यासाठी आलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. तंतूच्या टोकाचे यंत्र आणि स्विच एकाच बॅटरीवर ठेवले, तर त्या स्विचवरील वायफाय, कॅमेरे आणि दूरध्वनी हे सारे चालू राहतात. प्रत्येक उपकरणापाशी वेगळा प्लग लागत नाही.

मात्र खरेदीच्या वेळी तीन गोष्टी पाहाव्यात. केबल शुद्ध तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम अधिक तापते. स्विच मानकानुसार चाचपणी करणारा असावा. दोन इमारतींमध्ये तांब्याऐवजी काचेचा तंतू टाकावा, म्हणजे विजेच्या कडकडाटाचा आघात एकीकडून दुसरीकडे जाणार नाही. एवढी दक्षता घेतली, तर अंधारातही कार्यालयाचे दार नागरिकांना उघडे राहील.