हळदीच्या डागापासून अकरावीपर्यंत



आमटीचा डाग पडलेल्या पदराला साबण लावला की डाग लाल होतो. स्वच्छ पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळा. लाल असतानाच त्यावर लिंबू पिळा, लगेच पिवळा होईल. आठवी-नववीच्या विज्ञानात हाच धडा आहे. लिंबात आम्ल, साबणाचं पाणी आम्लारीधर्मी, आणि दोघांतला फरक रंगाने सांगणारी हळद म्हणजे दर्शक. चिंचेने पितळेचं भांडं उजळतं, कारण त्यावरचा काळपट थर आम्लात विरघळतो. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो. पुस्तकात त्याला उष्मादायी अभिक्रिया म्हणतात. हा प्रयोग मात्र घरी नको, चुना उडाला तर डोळा जातो.

एवढं ओळखीचं असून ‘रसायनशास्त्र आपल्या पोरीला झेपायचं नाही, आर्ट्सला घाला’ असं घरोघर ऐकू येतं. मला वाटतं, पोरी अडतात त्या डोक्यामुळे नाही, शब्दांमुळे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं आम्ल अकरावीत ॲसिड होतं. आम्लारीचा बेस, क्षाराचं सॉल्ट, मूलद्रव्याचं एलिमेंट, संयुगाचं कम्पाउंड. वस्तू तीच, पण पहिल्या महिन्यात वर्गातलं काहीच कळत नाही आणि पोरगी दिवाळीपर्यंत गप्प होते. सेमी-इंग्रजीच्या मुलींना हा त्रास कमी.

संज्ञांचं भय तर उगाचच. लोखंडाची संज्ञा ‘एफ-ई’ लॅटिन फेरमवरून आली, सोडियमची ‘एन-ए’ नॅट्रियमवरून. त्या इंग्रजी शाळेतल्या मुलालाही पाठच कराव्या लागतात.

दुर्गाबाई भागवतांच्या बहीण कमला सोहोनी १९३३ साली मुंबईत रसायनशास्त्राची पदवी घेऊन बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या. बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. मग एक वर्ष पारखून पाहू, या अटीवर घेतलं. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे त्यांनी आपल्या नीरेतल्या पोषणद्रव्यांवर काम केलं.

दहावीला विज्ञानाच्या १०० गुणांपैकी २० प्रात्यक्षिकाचे असतात. म्हणून पालकसभेला गेलात की विचारा: प्रयोग मुली स्वतःच्या हाताने करतात, की सर फळ्यावर लिहून देतात आणि मुली उतरवून घेतात? परीक्षानळी कधी हातात धरली का, हे घरी लेकीलाही विचारा. आम्ल पाण्यात थेंबथेंब घालायचं, आम्लात पाणी कधीच ओतायचं नाही, हे तिला सांगता आलं तर प्रयोग झालाय असं समजा.

आणि दहावीची परीक्षा संपल्यावर अकरावी सुरू होईपर्यंत दोन-तीन महिने हातात असतात. तेव्हा एक दोनशे पानी वही आणा. डाव्या पानावर मराठी शब्द, उजव्या पानावर इंग्रजी. रोज पाच शब्द. संध्याकाळी भाकरी थापताना तुम्ही डावीकडचा शब्द विचारा, तिने उजवीकडचा सांगायचा.