मुंगणा लावावा की गोडलिंब?

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी एखाद्या मोठ्या विषयावर बोलावे असा रिवाज आहे. परंतु मी आज आपल्याला फार लांब नेणार नाही, घराच्या मागच्या दारापर्यंतच नेणार आहे. तेथे एका झाडापुरती जागा आहे आणि रोज बादलीभर पाणी शिल्लक राहते. त्या जागेवर मुंगणा लावावा की गोडलिंब, एवढाच माझा प्रश्न आहे. पुण्या-मुंबईकडे मुंगण्याला शेवगा म्हणतात आणि गोडलिंबाला कढीपत्ता. आपण आपल्या नावांनीच बोलू.

प्रश्न किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे या सतरंजीवर बसलेल्यांपैकी निम्म्या, असे समजायला हरकत नाही. जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पाय ओढतात, आणि आपण म्हणतो, ‘कामाचा शीण आहे.’ घरात सर्वांचे झाल्यावर जेवायला बसणारी बाई उरलेल्या भाजीवर भागवते. तेव्हा अंगणात काय पिकते आणि त्यातले आपल्या स्वतःच्या ताटात किती पडते, याचा हिशोब मांडायलाच हवा.

आधी झाडांच्या गरजा पाहू. यवतमाळकडची आपली काळी जमीन कपाशीला चांगली, पण पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या दोन्ही झाडांना पायाशी तुंबलेले पाणी सोसत नाही. मुळ्या कुजतात आणि झाड उभ्याउभ्या वाळते. म्हणून खड्ड्यातल्या काळ्या मातीत मुरूम, जाड रेती आणि कुजलेले शेणखत मिसळावे, व झाड थोड्या उंचवट्यावर लावावे. येथपर्यंत दोघांचे सारखे. पुढे मात्र त्यांचे स्वभाव वेगळे होतात.

मुंगणा उतावळा आहे. त्याला दिवसभराचे ऊन लागते. सावलीत लावला तर उंच, किडकिडीत होतो. मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची फांदी कापून, चीक सुकण्यासाठी एक-दोन दिवस सावलीत ठेवावी आणि मृगाच्या सुमारास तिचा तिसरा हिस्सा मातीत जाईल अशी रोवावी. ती बहुधा लागते. पण फांदीपासून केलेल्या झाडाचे सोटमूळ खोल जात नाही. बियापासून आलेल्याचे जाते. पाण्याची ओढ असलेल्या घरी म्हणून जागेवरच बी टोकलेले बरे. तामिळनाडूतल्या पेरियाकुलम येथील उद्यानविद्या महाविद्यालयाने काढलेली ‘पीकेएम-१’ ही जात बियापासूनच लावतात, आणि तिला सहा ते आठ महिन्यांत शेंगा धरू लागतात. पहिले वर्ष पाणी द्यावे लागते. एकदा मूळ खोल गेले की मुंगणा आपला उन्हाळा आपण काढतो.

गोडलिंबाचे तसे नाही. तो सावकाश वाढणारा. पहिली एक-दोन वर्षे तो जागचा हालतच नाही असे वाटते, आणि पुष्कळ जणी नेमक्या त्याच वेळी कंटाळतात. त्याचे बी ताजेच लावावे लागते. काळसर जांभळी पिकलेली फळे घेऊन, गर धुऊन लगेच पेरावी. ठेवणीतले बी उगवत नाही. मोठ्या झाडाच्या मुळाशी फुटलेले रोप मुळासकट काढून लावले तरी चालते. लहानपणी त्याला दुपारची थोडी सावली हवी, कारण आपल्याकडे वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा कोवळी पाने करपतात. थंडीत त्याची वाढ थांबते, पाने पिवळी पडून गळतात. तेव्हा घाबरून जास्त पाणी घालू नये. त्याचा एक गुण मात्र मोठा आहे : तो कुंडीत राहतो. तळाला भोक असलेली मोठी कुंडी किंवा फुटका माठसुद्धा त्याला पुरतो. मुंगण्याला जमीनच लागते.

पाण्याविषयी वेगळे सांगायला नको. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली तेव्हा यवतमाळच्या घराघरांतून पाण्याची काय दशा झाली, ते पुष्कळ जणींना आठवत असेल. झाडासाठी वेगळे पाणी मागण्याची सोय आपल्याला नाही. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी गोडलिंबाच्या कुंडीला घालावे. नहाणीचे साबणाचे पाणी कुंडीत नको, तेथे क्षार साठतात. ते रेतीच्या खड्ड्यातून मुरवत मुंगण्याच्या बाजूला न्यावे, तेही खोडाशी न तुंबेल असे.

आता उपयोग. येथे एक गंमत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले अन्नघटकांचे तक्ते उघडले, तर शंभर ग्रॅम गोडलिंबात चुना, म्हणजे कॅल्शियम, सुमारे ६५० मिलिग्रॅम आढळते, आणि शंभर ग्रॅम मुंगण्याच्या पाल्यात सुमारे ३१५. लोहही गोडलिंबातच अधिक. म्हणजे कागदावर गोडलिंब जिंकला. परंतु शंभर ग्रॅम गोडलिंब खातो कोण? चौघांच्या वरणाच्या फोडणीत आठ-दहा पाने पडतात. त्यांचे वजन जेमतेम एक-दोन ग्रॅम, आणि तीसुद्धा निम्मी ताटाच्या कडेला जाऊन बसतात! मुंगण्याच्या पाल्याची वाटीभर भाजी केली तर माणशी पन्नास ग्रॅम पाला सहज पोटात जातो. त्यातून दीडशे मिलिग्रॅमच्या वर चुना आणि दोन मिलिग्रॅमच्या वर लोह मिळते. तक्त्यातला आकडा झाडाचा असतो, आपल्या कामाचा आकडा ताटातला. माझ्या बोलण्याचे सार विचाराल तर एवढेच आहे.

तरीही मुंगण्याला धन्वंतरी करू नका. बाईला दिवसाला सुमारे २९ मिलिग्रॅम लोह लागते असे याच संस्थेने २०२० मध्ये सांगितले आहे. एका वाटीने त्याचा दहावा हिस्साही भरत नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या घ्यायच्याच. भाजी त्यांच्या जोडीला. भाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी चांगले लागते, आणि जेवण होताच चहाची कपबशी पुढे ओढू नये, कारण चहाने ते अडते. पाला कोवळाच घ्यावा, जून पाला कडवट लागतो. तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीत घालावा, थालीपिठात मळावा. फुलांची भाजी होते, शेंगा तर वरणात आहेतच. मुंगण्याची मुळी किंवा साल मात्र घरगुती औषध म्हणून पोटात घेऊ नये, गरोदरपणी तर मुळीच नाही.

गोडलिंबाला मी कमी लेखते असे समजू नका. कढी-गोळ्यांतून तो काढून टाकला तर काय उरते ते आपल्याला ठाऊक आहे. त्याचे गुण पोटात जावेत असे वाटत असेल तर त्याला फोडणीतून बाहेर काढा. पाने सावलीत वाळवून, किंचित भाजून, जवसाच्या किंवा तिळाच्या चटणीत मूठभर कुटा. मग कडेला काढायला काही उरत नाही. खुडताना सुटी पाने ओरबाडू नयेत, शेंडा कात्रीने कापावा. तेथे दोन नवे फुटवे येतात. पानेच हवी असतील तर फुलांचे तुरे वेळीच काढून टाकावेत.

‘दारात मुंगणा नको,’ असे काही घरी म्हणतात. यात अशुभ काही नाही, पण तथ्य थोडे आहे. त्याचे लाकूड ठिसूळ, वाऱ्याने फांदी मोडते आणि चढलेले मूल पडते. शिवाय पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे थवे बसतात. त्यांचा केस लागला की अंगाला खाज सुटते. म्हणून भिंतीपासून आठ-दहा फूट दूर लावावा, आणि दरवर्षी शेंगा संपल्या की छाटून कमरेएवढा करावा. पाला हाताशी येतो, फांदी उंच जात नाही, चढायला काही राहत नाही. गोडलिंब हा लिंबू-संत्र्याच्या कुळातला. संत्र्यावर येणारी अळी त्यावरही येते. प्रथम ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, पुढे हिरवी होते. एक-दोन रोपे असतील तर सकाळी हाताने वेचावी. रोजच्या जेवणातल्या पाल्यावर विषारी औषध मारू नये.

तेव्हा निवाडा असा : मोकळी जमीन आणि ऊन असेल तर तेथे मुंगणा. गोडलिंब कुंडीत, मोरीजवळ, दुपारची सावली पडेल तेथे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बहिणीने नुसता गोडलिंब लावावा, आणि मुंगण्याचा पाला शेजारणीकडून मागून न्यावा. हे झाड छाटावेच लागते, त्यामुळे मागणारीने संकोच करू नये आणि देणारीने उपकार समजू नये. मृगाला अजून अवकाश आहे. ज्यांच्याकडे मुंगणा आहे त्यांनी वाळलेल्या शेंगांतले बी मंडळात आणून द्यावे. आपण ते वाटू.

आणि जेव्हा पाल्याची पहिली भाजी होईल, तेव्हा आपली वाटी आधी बाजूला काढून ठेवा, एवढी माझी विनंती.